दुसऱ्याचं वेड पांघरून पेडगावला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेचा हॉल, बारा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा, वर पंख्यांची घरघर, खाली साठ पट मांडलेले आणि मी पंच. चौथ्या फेरीत सतराव्या पटावरच्या एका पोराने हरत आलेल्या डावावरून उजव्या हाताने असा काही झाडू फिरवला की समोरच्या मुलीचा चष्मा वजिरासकट फरशीवर. घड्याळाची काच तडकली ती वेगळीच. नियमाप्रमाणे मी डाव मुलीला दिला, चष्मा शोधून दिला आणि पोराला दंडाला धरून बाहेर नेलं. दारातच त्याचे वडील उभे. म्हटलं, आता पोराच्या वतीने दोन शब्द बोलतील, निदान त्या मुलीची चौकशी तरी करतील. तर ते हसून म्हणाले, "सर, जरा मूडी आहे तो. पण जीनियस मुलं अशीच असतात ना? फिशरपण असाच होता. तुम्ही तो सिनेमा नाही बघितला?"

बघितलाय. दोनदा बघितलाय. पहिल्यांदा उत्सुकतेने, आणि दुसऱ्यांदा या गृहस्थांना उत्तर द्यायचं म्हणून. तिथे दारात उत्तर सुचलं नव्हतं. आता लिहितो.

सिनेमा २०१४ सालचा, 'पॉन सॅक्रिफाइस'. दिग्दर्शक एडवर्ड झ्विक, लेखक स्टीव्हन नाइट. बॉबी फिशर झालाय टोबी मॅग्वायर, म्हणजे आपला जुना स्पायडरमॅन. खरा फिशर सहा फुटांहून उंच, ताडमाड, खुर्चीत बसला तरी पटावर सावली पडेल असा. मॅग्वायर त्याच्यापुढे खिशात मावेल. पण ते सोडून देऊ, उंचीवरून नटाला धारेवर धरणं हा पुणेरी कोतेपणा झाला. मॅग्वायरने डोळ्यांनी बरंच काम केलंय, आणि बोरिस स्पास्की झालेला लिएव्ह श्रायबर तर जगज्जेत्यासारखा चालतोसुद्धा. माझं भांडण नटांशी नाही. माझं भांडण आहे ते सिनेमात बुद्धिबळ कुठेच नाही याच्याशी. आणि ते का नाही, याच्याशी जास्त.

१९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो, मिरजेला. माझे काका रेल्वेत होते. स्टेशनवर येणाऱ्या इंग्रजी पेपरातून ते आइसलंडमधल्या रेक्याविकला चाललेल्या फिशर-स्पास्की सामन्याचे डाव पाकिटाच्या मागच्या बाजूला उतरवून आणायचे. तेव्हाची लिपी जुनी, 'पी-के-फोर' अशी, पांढऱ्याची घरं पांढऱ्याच्या बाजूने मोजायची आणि काळ्याची काळ्याच्या. काका वाचायचे, मी सोंगट्या हलवायचो आणि चुकलो की टपली खायचो. सहावा डाव आम्ही असाच खेळून काढला. २३ जुलैचा डाव, आमच्याकडे पोचला तीन दिवसांनी. शेवटच्या खेळीनंतर काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "परत मांड."

सिनेमाचा कळसही याच डावावर आहे. निवड चोख आहे, नाकारत नाही. पण तो डाव थोर का, हे सिनेमा संपल्यावर शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. तुम्हाला दिसतो घाम, दिसतात घड्याळाचे काटे, दिसतात टीव्हीवरचे समालोचक 'अद्भुत, अद्भुत' करताना. पट दिसतो तो तिरका आणि ओझरता, वरातीत नवरदेव दिसावा तसा.

म्हणून मीच सांगतो. फिशर जन्मभर राजापुढचं प्यादं आधी हलवणारा माणूस. त्याच खेळीवर त्याचा धर्मच होता म्हणा. त्या दिवशी त्याने ते केलं नाही. त्याने वजिराच्या उंटापुढचं प्यादं हलवलं आणि डाव वळत वळत क्वीन्स गॅम्बिटमध्ये गेला, जो तो पांढऱ्याने जवळजवळ खेळतच नसे. समोर स्पास्कीचा हातखंडा असलेला टार्टाकोवर बचाव. म्हणजे शत्रूच्या घरात, शत्रूच्या आवडत्या खोलीत जाऊन बसायचं ठरवून तो आला होता. विसाव्या खेळीला त्याने राजापुढचं प्यादं चौथ्या घरात सारलं. स्पास्कीने ते मारायचं किंवा दाब सहन करायचा, त्याऐवजी आपलं मधलं प्यादं पुढे ढकललं. झालं, फिशरच्या उंटाला काळ्या राजाच्या दिशेने जाणारा तिरका रस्ता सताड उघडा. मग एकामागून एक प्यादी चढत गेली आणि एकतिसाव्या खेळीला त्यातलं एक ई-सहावर, काळ्याच्या नरड्यात, जाऊन बसलं.

आता खरी मजा. बत्तिसाव्या खेळीपासून छत्तिसाव्यापर्यंत स्पास्कीचा वजीर फक्त दोन घरांत फिरतोय. डी-आठ, ई-आठ. ई-आठ, डी-आठ. जगज्जेत्याचा वजीर आयसीयूच्या बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या नातेवाइकासारखा. कारण दुसरं काही हलवलं तर लगेच कोसळतं. आणि फिशर काय करतो? धावून जातो? नाही. कडेचं एक प्यादं सरकवतो. एक हत्ती एक घर वर नेतो. मग तोच हत्ती आणखी एक घर वर. उंट एक घर मागे. घाई नाही, दमबाजी नाही. समोरच्याला हलता येत नाही हे कळलेला माणूस आपली खुर्ची नीट करतो, चहा मागवतो, तसं. अडतिसाव्या खेळीला हत्ती देऊन घोडा मारला आणि एकेचाळिसाव्या खेळीला स्पास्कीने डाव सोडला, आणि प्रेक्षकांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवल्या. (सिनेमाचं नाव प्याद्याच्या बळीचं. या डावात बळी गेला तो हत्ती. असो.)

त्या पाच खेळ्या पडद्यावर दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. एक चांगला संकलक, वरून लावलेला एक कॅमेरा, आणि तो इकडून तिकडे जाणारा वजीर. ज्याला घोडा कसा चालतो हे ठाऊक नाही त्यालाही कोंडी कळली असती. पण ते दाखवलं असतं तर सिनेमाचं सगळं भांडवल बुडालं असतं. कारण ते पाहून कुणीही म्हणालं असतं की हा माणूस या क्षणी अख्ख्या आइसलंडमधला सर्वांत शांत, सर्वांत शहाणा माणूस आहे. आणि तिकिटं तर वेडाची विकली होती.

मुद्दा इथेच आहे, आणि त्यासाठी मी भांडायला तयार आहे. फिशर आजारी होता, यात शंका नको. टेलिफोन उघडून बघणं, खोलीच्या भिंती ठोकून बघणं, ज्यू आईच्या पोटी जन्मून ज्यूंबद्दल गरळ ओकणं, हे काही कलावंताचे नखरे नव्हेत. पण त्याचं वेड पटावर नव्हतं. पट ही त्याच्या आयुष्यातली एकमेव जागा होती जिथे त्याचं डोकं ताळ्यावर असायचं. समोर बत्तीस मोहरी, नियम ठरलेले, दोन्ही बाजूंना सारखी माहिती, पाठीमागून कुणी काही करत नाही. संशयाने पोखरलेल्या माणसाला याहून सुरक्षित खोली कुठली? सिनेमा नेमकं उलटं सांगतो. त्याच्या मते बुद्धिबळ हे एक खोल, काळं बीळ, त्यात उतरलेल्याचं डोकं फिरायचंच.

बरं, पुरावा बघा. या चर्चेत पॉल मॉर्फीचा दाखला हमखास निघतो. न्यू ऑर्लिन्सचा, १८५८ साली युरोपला पाणी पाजणारा, शेवटी 'सगळे माझ्या वाईटावर आहेत' या भ्रमात गेलेला. खरं आहे. फक्त एवढं सांगायचं राहतं की भ्रम जडला तेव्हा त्याने गंभीर बुद्धिबळ सोडून कित्येक वर्षं झाली होती. आणि फिशर? १९७२ साली जगज्जेता झाला आणि पुढची वीस वर्षं एकही अधिकृत डाव खेळला नाही. १९७५ मध्ये कार्पोव्हसमोर बसायला नकार दिला, किताब खेळाविनाच गेला. त्याची खरी घसरण त्या वीस वर्षांतली आहे, पट मिटल्यानंतरची. तारखा लावा म्हणजे कळेल. औषध बंद केल्यावर रोगी बिघडला तर दोष औषधाला द्यायचा, अशातला हा प्रकार.

स्टाइनिट्झ वेड्यांच्या इस्पितळात गेला, रुबिनस्टाइनला माणसांची धास्ती बसली, हे मी लपवत नाही. पण मग बाकीच्यांचं काय करायचं? बोट्विनिक विद्युत अभियंता, डॉक्टरेट घेतलेला. स्मिस्लोव्हचा आवाज इतका बरा की बोल्शोईसाठी गायनाची चाचणी देऊन आला. लास्कर गणिती. आनंदला तर आपण सगळेच ओळखतो, शेजारच्या बिल्डिंगमधल्या सभ्य माणसासारखा. आणि मॅक्स युवे, गणिताचा शिक्षक, १९३५ साली जगज्जेता, पुढे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा अध्यक्ष. याच युवेने १९७२ मध्ये फिशर वेळेवर आइसलंडला पोचला नाही तेव्हा नियम वाकवून सामना पुढे ढकलला. तो मास्तर तेव्हा नियमावर बोट ठेवून बसला असता तर हा सिनेमा काढायलाच काही उरलं नसतं. पण सिनेमावाल्यांच्या लेखी मास्तरांची किंमत किती, हे मास्तरांच्या पगारावरून ओळखावं.

अलीकडचंच घ्या. चीनचा डिंग लिरेन २०२३ मध्ये जगज्जेता झाला आणि त्यानंतर स्वतःच्या नैराश्याबद्दल, उपचारांबद्दल चारचौघांत बोलला. आजार म्हणून बोलला. त्याला मुकुटात खोवलं नाही. त्याच्यावर सिनेमा येईल? आलाच तर त्यातला डॉक्टर खलनायक असेल.

हे मी हवेत बोलत नाही. 'पॉन सॅक्रिफाइस'मध्ये एक प्रसंग आहे. फिशरचं चाललंय ते बघून त्याला डॉक्टरकडे न्यावं का, अशी चर्चा निघते. त्याचा साहाय्यक फादर विल्यम लोम्बार्डी, म्हणजे पीटर सार्सगार्ड, याचा अर्थ लावतो तो असा: याला औषध देणं म्हणजे पवित्र विहिरीत काँक्रीट ओतणं. सिनेमात हे वाक्य भल्या माणसाच्या तोंडी आहे, मंद आवाजात आहे, आणि कुणीही त्याला 'फादर, शुद्धीवर या' म्हणत नाही. लोम्बार्डी खरा माणूस होता, १९५७ च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत अकराच्या अकरा डाव जिंकलेला. इतका पक्का खेळाडू स्वतः हाडामांसाचा, डोकं शाबूत असलेला, पाद्री म्हणून काम करणारा! प्रतिभेला वेडाची अट नसते याचा चालताबोलता पुरावा, आणि त्याच्याच तोंडी हे वाक्य घातलंय.

विहिरीचं पुढे काय झालं ते ऐका. कुणीही काँक्रीट ओतलं नाही. फिशरने आयुष्यभर डॉक्टरांवर अविश्वास ठेवला. शेवटी मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हाही त्याने उपचार नाकारले, आणि १७ जानेवारी २००८ ला रेक्याविकमध्ये तो गेला. वय चौसष्ट. चौसष्ट घरांच्या खेळातला माणूस चौसष्टाव्या वर्षी गेला, हे लिहिल्याशिवाय त्या आठवड्यात एकाही मृत्युलेखकाला राहवलं नाही. मूत्रपिंडाबद्दल लिहायला मात्र जागा पुरली नाही.

आता आईकडे येऊ, कारण सिनेमाने तिच्यावर जो अन्याय केलाय तो मला सर्वांत जास्त झोंबला. रेजिना फिशर. एकटीने दोन पोरं वाढवणारी, कित्येक भाषा येणारी, मॉस्कोत वैद्यकीचं शिक्षण घेतलेली बाई. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने तिच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली, तिची फाइल शेकडो पानांची झाली. म्हणजे 'बाहेर गाडी उभी आहे, आपल्यावर नजर आहे' हा लहानग्या बॉबीचा भ्रम नव्हता, ती शेजारच्यांनाही दिसली असती अशी गाडी होती. हे सिनेमा दाखवतो, मान्य. पण ते दाखवून ठपका ठेवतो तो बाईवर. घरात पाहुण्यांचा, राजकारणाचा गोंधळ, आणि बिचारं पोर पटात तोंड खुपसून.

खरी रेजिना काय करत होती? १९५० साली पोराला खेळायला कुणी मिळेना म्हणून तिने 'ब्रुकलिन ईगल' या वर्तमानपत्राला पोस्टकार्ड टाकलं, माझ्या मुलाला त्याच्या वयाचा खेळगडी हवाय अशी जाहिरात छापा म्हणून. जाहिरात कुठल्या सदरात घालायची हे तिथल्यांना कळेना, कार्ड फिरत फिरत बुद्धिबळ जाणणाऱ्या एका वयोवृद्ध माणसाकडे पोचलं, आणि तिथून सात वर्षांच्या बॉबीला पहिल्यांदा एका उस्तादासमोर बसायला मिळालं. तो हरला आणि रडला. १९६० मध्ये अमेरिकेचा संघ ऑलिम्पियाडला पाठवायला पैसे द्या म्हणून हीच बाई व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभी राहिली. एका पोस्टकार्डावरून सुरू झालेली जगज्जेत्याची कहाणी! आपल्याकडच्या कुठल्याही नाटककाराने यावर पहिला अंक उभा केला असता. सिनेमाला पोस्टकार्ड नको. त्यांना टेलिफोन फोडणारा हात हवा.

मग सिनेमा थांबतो कुठे? सहाव्या डावाच्या टाळ्यांवर. सहाव्या डावानंतर गुण होते साडेतीन विरुद्ध अडीच. अजून पंधरा डाव व्हायचे होते. तेरावा डाव, ज्यात फिशरने स्वतःचा हत्ती कोपऱ्यात कोंडून घेतला आणि मोकळ्या सुटलेल्या प्याद्यांच्या जोरावर जिंकला, तो तर बुद्धिबळाच्या इतिहासात एकटाच उभा आहे. ऑगस्टमध्ये सोव्हिएत बाजूने तक्रार केली की आमच्या माणसावर विद्युत उपकरणांनी परिणाम केला जातोय. खुर्च्यांचे एक्स-रे काढले, दिवे उतरवले, आणि सापडल्या दोन मेलेल्या माश्या. म्हणजे संशयाचा आजार एकट्या फिशरला नव्हता, दोन महासत्तांनाही होता. त्यांना मात्र कुणी मनोरुग्ण म्हणत नाही, शीतयुद्ध म्हणतात. १ सप्टेंबरला स्पास्कीने एकविसावा डाव फोनवरून सोडला. साडेबारा विरुद्ध साडेआठ.

आणि त्यानंतरचं सगळं सिनेमात शेवटच्या काही ओळींत आणि जुन्या चित्रफितीत उरकलंय. साहजिक आहे. किसिंजरने फोन करून ज्याला 'जा, देशासाठी खेळ' म्हणून विनवलं, जिम स्लेटर नावाच्या लंडनच्या धनिकाने ज्याच्यासाठी बक्षिसाची सव्वा लाख डॉलरची रक्कम स्वतःच्या खिशातून दुप्पट केली, त्याच माणसावर १९९२ साली युगोस्लाव्हियात निर्बंध मोडून डाव खेळला म्हणून त्याच्याच देशाने वॉरंट काढलं. ज्या पोराचे रुसवे सोव्हिएतांना नमवेपर्यंत गोड वाटत होते, ते पोर निकामी झाल्यावर घरचे ओळख दाखवेनात. ११ सप्टेंबर २००१ नंतर फिलिपिन्सच्या रेडिओवर तो जे बोलला ते ऐकवत नाही. २००४ मध्ये जपानच्या विमानतळावर अटक, कोठडीत कित्येक महिने, अखेर आइसलंडने नागरिकत्व दिलं म्हणून सुटका. हा खरा सिनेमा आहे. यात वेड गोंडस दिसत नाही. दाढी वाढलेली असते, कपडे चुरगळलेले असतात, बोलण्यात विष असतं. या वेडाला टाळ्या मिळत नाहीत म्हणून कॅमेरा सहाव्या डावाशी बंद.

हा धंदा एका सिनेमापुरता नाही. 'द क्वीन्स गॅम्बिट' ही मालिका २०२० मध्ये आली, जगाने डोक्यावर घेतली. बेथ हार्मन काल्पनिक, गोळ्यांची सवय लागलेली, छतावर पट दिसणारी. मालिका बघायला छान, मीही दोन रात्रींत संपवली. पण त्यात एका वाक्यात सांगितलं गेलं की जॉर्जियाची नोना गाप्रिन्दाश्विली पुरुषांसमोर कधी खेळलीच नाही. ती बाई खरी, जिवंत, महिला जगज्जेती, आणि मालिका ज्या काळात घडते तोवर कितीतरी पुरुषांशी, नामांकित पुरुषांशी, खेळलेली. तिने खटला भरला, २०२२ मध्ये तडजोड झाली. काल्पनिक झिंगलेल्या पोरीची उंची वाढवायला खऱ्या, धडधाकट बाईचे पाय कापायचे. शहाण्या माणसाचं कर्तृत्व इतकं स्वस्त असतं.

आणि आपण? आपल्या मुंबईत खाडिलकर बहिणी होत्या. वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं पहिलं दशक या तिघींनी आपसात वाटून घेतलं. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गहजब झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी महासंघाच्या अध्यक्षाने निर्णय दिला की बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही. तो अध्यक्ष कोण? तोच गणिताचा मास्तर, युवे. यात नाट्य नाही? घर आहे, वडील आहेत, कोर्ट आहे, पंचाची खुर्ची आहे, समोर बसायला नाखूश पुरुष आहेत. नाही ती एकच गोष्ट, कुणी टेलिफोन फोडत नाही. म्हणून निर्माता मिळत नाही. कुणी काढलाच तर भीती एवढीच, की पटकथाकार तिघींपैकी एकीला रात्री आरशाशी बोलायला लावेल.

वेडाला हात घालूच नये असं माझं म्हणणं नाही. 'पॉन सॅक्रिफाइस' ज्या वर्षी आला त्याच वर्षी न्यूझीलंडचा 'द डार्क हॉर्स' आला. जेनेसिस पोटिनी या खऱ्या माओरी खेळाडूवरचा. त्याला बायपोलर आजार होता, आणि गिस्बर्न गावात तो गरीब पोरांना बुद्धिबळ शिकवायचा. क्लिफ कर्टिसने हे काम केलंय. त्यात आजार म्हणजे इस्पितळ, गोळ्या, भावाच्या घरात कोपऱ्यात झोपायची जागा, रस्त्यावर काढलेली रात्र. वेड चढलं की तो खेळू शकत नाही, लोकांना त्याची भीती वाटते, आणि सावरला की पोरांना शिकवतो. साधं गणित. त्या सिनेमात आजार बक्षीस देत नाही, हिसकावून घेतो. आणि तरीही तो सिनेमा बघून पोरांना पट मांडावासा वाटेल. आमच्या त्या पालकांनी हा बघितलेला नव्हता. कुणीच बघितलेला नसतो.

स्पास्कीचं राहिलं. सिनेमात तो गॉगल लावून, अंगरक्षकांच्या घोळक्यात फिरणारा थंड प्रतिस्पर्धी. खरा बोरिस लेनिनग्राडच्या वेढ्यातून लहानपणी बाहेर काढलेल्या पोरांपैकी, पाचव्या वर्षी आगगाडीत सोंगट्या शिकलेला. दुसऱ्या डावाला फिशर आला नाही तेव्हा तो दोन-शून्यने पुढे होता, सामान बांधून मॉस्कोला गेला असता तर किताब त्याचाच राहिला असता आणि मॉस्कोला तेच हवं होतं. तो राहिला. इतकंच नव्हे, कॅमेऱ्यांचा आवाज नको म्हणून आतल्या खोलीत खेळू, ही फिशरची मागणीसुद्धा त्याने मान्य केली, आणि तिथेच आयुष्यात पहिल्यांदा फिशरकडून हरला. पुढे २००४ मध्ये फिशरला जपानमध्ये पकडलं तेव्हा याच स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की निर्बंध मीही मोडलेत, मलाही अटक करा, बॉबीच्याच कोठडीत ठेवा, आणि आम्हाला एक पट द्या. बॉबी आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं. आजाऱ्याला काय लागतं तेही. २०२५ च्या फेब्रुवारीत तो मॉस्कोत वारला तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत 'फिशरकडून हरलेला' एवढीच ओळख आली.

त्या दिवशी सहाव्या फेरीनंतर हॉल रिकामा होत होता. मी पट गोळा करत होतो. ते पोर बाकावर पाय हलवत बसलेलं, वडील बाहेर फोनवर. मी त्याला बोलावलं, एक पट मांडला, आणि सहावा डाव दाखवायला लागलो. काकांसारखी टपली मारायची सोय आता राहिली नाही. पोर हुशार आहे, खोटं का बोलू. विसाव्या खेळीला तो म्हणाला, "इथे काळ्याने मारायला हवं होतं." बत्तिसाव्या खेळीपासून मी काळा वजीर त्याच्या हातात दिला. ई-आठ. डी-आठ. ई-आठ. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.

"सर, हा नुसता इकडून तिकडे का करतोय?"

"दुसरं काही हलवून बघ."

त्याने हत्ती हलवून बघितला, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवला. घोडा बघितला. परत ठेवला. मग गालाला हात लावून बसला, बराच वेळ. मी शेवटच्या खेळ्या खेळून दाखवल्या आणि सांगितलं की इथे काळा हरला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

"हरलेल्याने?"

"हो."

"कुणासाठी?"

वडील दारातून म्हणाले, "चल रे, रिक्षा आलीय." पोर उठलं, दप्तर घेतलं, दोन पावलं गेलं, परत आलं, आणि पडलेला पांढरा हत्ती उचलून पेटीत टाकण्याऐवजी पटावर जिथे होता तिथे ठेवून पळालं.